खोली सोडताना महिनाभर आधी सांगायचं की नाही? किरायेदार आणि घरमालक, दोघांनीही बोला

कपाशीवाली काकू

दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. घरामागं दोन खोल्या आणि न्हाणी काढलेली आहे, ती किरायानं देतो. 2,200 रुपये महिना, अनामत दोन महिन्यांची म्हणजे 4,400, लाईटचं सबमीटर वेगळं, युनिटमागं 10 रुपये. लिहिलेलं काही नाही. आमच्या गावात कोणाचंच नसतं.

मागच्या वर्षीच्या जूनपासून वसुलीचं काम करणारा एक मुलगा राहत होता. मुलगा वाईट नाही. किराया 5 तारखेच्या आत, दारू नाही, मित्रांचा गोंधळ नाही, उन्हाळ्यात माझ्या सासऱ्यांना त्याच्या कुलरसमोर झोपू द्यायचा. 27 नोव्हेंबरला मी वावरात होते, वेचणीला बाया लावलेल्या. दिवस बुडता घरी आले तर मागचं दार लोटलेलं. आत पाहते तर खोली झाडूनपुसून रिकामी. भिंतीवर कॅलेंडरचा खिळा आणि खिडकीला त्यानं सिमेंटात बसवून घेतलेलं कुलरचं लोखंडी स्टँड, एवढंच शिल्लक. चावी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडं. मोबाईल चार्जिंगला लावला तेव्हा मेसेज दिसला: ‘काकू, कंपनीनं अचानक दुसऱ्या जिल्ह्यात टाकलं. रूम सोडली. नोव्हेंबरचा किराया आणि लाईट बिल डिपॉझिटमधून घ्या, उरलेले फोनपे करा.’

सबमीटर पाहिलं, 61 युनिट. म्हणजे 610. 4,400 मधून 2,200 आणि 610 गेले की 1,590 उरतात, ते त्याला हवेत. मी म्हणते डिसेंबरचा किरायाही कापणार, कारण त्यानं महिनाभर आधी सांगितलं नाही. तसं केलं तर उलट त्याच्याकडंच माझे 610 निघतात. तेवढे मी सोडून देईन.

पैशाचा प्रश्न नाही असं मी म्हणणार नाही, पैशाचाच आहे. गावात खोली लागते ती जूनमध्ये, शाळा-कॉलेज उघडताना आणि बदल्यांच्या वेळी. नोव्हेंबरात रिकामी झालेली खोली जूनपर्यंत रिकामी. कापसाचे पैसे एकदम येतात आणि एकदमच कृषी केंद्राच्या उधारीत जातात. सासऱ्यांच्या गोळ्या, गॅस, पोराचा ऑटो, हे सगळं या 2,200 वर चालतं. महिनाभर आधी कळलं असतं तर निदान शाळेत, बँकेत, दवाखान्यात सांगून ठेवलं असतं. महिन्याच्या बोलीनं राहणाऱ्यानं महिना आधी सांगावं, असं माझं मत आहे. चुकत असेन तर सांगा.

बदलीवाला मास्तर

चुकता आहात काकू. राग मानू नका.

त्या मुलाला कंपनीनं किती दिवस आधी सांगितलं असेल? आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या 2017 च्या शासन निर्णयापासून ऑनलाइन झाल्या. बदल्या होणार हे वर्षभर कानावर असतं, पण माझी होणार का आणि कुठं होणार, हे आदेश निघेपर्यंत कोणीच सांगत नाही. माझा आदेश संध्याकाळी निघाला, दुसऱ्या दिवशी कार्यमुक्त, लगेच रुजू व्हायचं. मी मालकाला त्याच रात्री सांगितलं. मालक म्हणाले, गुरुजी, एक महिन्याचं पूर्ण द्यावं लागेल. दिलं. नवीन गावी खोली घेतली, तिथं चार महिन्यांनी दुसरा मालक म्हणाला, पोराचं लग्न जमलं, पाहुणे उतरवायचे आहेत, येत्या रविवारी खोली मोकळी करा. तेव्हा माझा महिना कुठं गेला?

नोटीस दोन्ही बाजूंनी असेल तर ती नोटीस. एकाच बाजूनं असेल तर ते डिपॉझिट खायचं निमित्त.

वावरातला म्हातारा

अवो बाई, तुमचं म्हननं बराबर हाय. आमच्या जमान्यात पाडव्याले सालगडी ठेवला का पुढच्या पाडव्यालोक थो हालत नव्हता, अन् मालकबी त्याले अर्ध्या सालात काढत नव्हता. कागद कोनी पाह्यला? पानसुपारी झाली का झालं. आता पोट्टे छोटा हत्ती लावते, सामान भरते अन् मोबाईलवर कयवते. ज्या घरचं पानी पेलं त्या घराले तोंडानं सांगाले काय लागते? तुमी वावरात होत्या त वावरात यायचं, दोन कोसावर थोडीच हाय.

जिनिंगवाल्याचा पोरगा

आबा, सालगडी हालत नव्हता कारण त्यानं पाडव्याला उचल घेतलेली असायची. उचल फिटल्याशिवाय जाणार कुठं? माझा आजा सालगडी होता, म्हणून बोलतोय.

वावरातला म्हातारा

हे बी खरं हाय लेका.

कारकून (निवृत्त)

तीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात फायली वाहिल्या. वकील नाही, पण खोली खाली करण्याचे दावे इतके पाहिले की थोडं सांगू शकतो.

लेखी करार नसेल तर 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो, कलम 106. त्यात असं आहे: करार नसेल, स्थानिक कायदा किंवा रूढी वेगळी नसेल, तर राहायला दिलेली जागा महिन्या-महिन्याच्या भाडेपट्ट्यानं दिली असं धरायचं आणि दोघांपैकी कोणीही 15 दिवसांची नोटीस देऊन तो संपवू शकतो. दोघांपैकी कोणीही, हे मास्तरांनी लक्षात घ्यावं. म्हणजे तुम्हाला ‘येत्या रविवारी’ काढणारा मालकही चुकीचाच होता. शेतीसाठी किंवा कारखान्यासाठी दिली असेल तर भाडेपट्टा वर्षाचा आणि नोटीस 6 महिन्यांची. आबांचा पाडवा ते पाडवा हिशोब त्याच जातीचा, फक्त माणसाच्या बाबतीतला. (शेतजमिनीला आपल्याकडं 1958 चा विदर्भाचा वेगळा कूळकायदा आहे, तो विषय इथं नको.)

जुन्या वकिलांच्या तोंडी अजून एक नियम ऐकाल, की नोटीस भाडेमहिन्याच्या शेवटच्या दिवशी संपली पाहिजे. पूर्वी तसंच होतं. एका दिवसाच्या चुकीपायी दावे पडलेले मी पाहिलेत. माणूस पाच वर्षं तारखा करायचा आणि शेवटी निकाल लागायचा की नोटीस 30 ला संपायला हवी होती, 29 ला संपली. 2002 च्या दुरुस्तीनं ते गेलं. आता 15 दिवस मोजायचे ते नोटीस पोचल्या दिवसापासून.

कपाशीवाली काकू

कारकूनभाऊ, रूढी वेगळी नसेल तर, असं तुम्हीच लिहिलंत. आमच्या गावची रूढी महिन्याची आहे. कोणालाही विचारा.

कारकून (निवृत्त)

हा मुद्दा तुम्ही बरोबर पकडला. पण रूढी म्हणायची तर ती जुनी, ठरलेली आणि सगळ्यांनी पाळलेली असावी लागते, आणि जो म्हणतो त्यानं सिद्ध करावी लागते. ओट्यावर बसून चार घरांनी ‘आपल्याकडं असंच असतं’ म्हटलं म्हणजे रूढी होत नाही. गावातल्या मालकांनीही किरायेदाराला काढताना आजवर महिना दिला आहे का? दिला असेल तर तुमच्या म्हणण्यात दम आहे.

बदलीवाला मास्तर

हेच विचारायचं होतं. काकू उत्तर द्या.

उपकेंद्रातली सिस्टर

मी अचलपूर तालुक्यात आरोग्य उपकेंद्रावर आहे. इथं सगळे ‘आधी सांगितलं पाहिजे’ म्हणताहेत, म्हणून आधी सांगितल्यावर काय होतं ते लिहिते.

मी मागच्या खोलीवर दीड महिना आधी सांगितलं. चांगुलपणानं. दुसऱ्या दिवसापासून पाण्याची मोटर अर्ध्या तासावरून दहा मिनिटांवर आली. मोरीतला बल्ब गेला तो मालकानं बदलला नाही, म्हणाले आता तुम्ही जाणारच आहात. आणि खोली दाखवणं सुरू झालं. एका रविवारी लसीकरणाचा कॅम्प करून आले, न्हाऊन निघाले, केस टॉवेलमध्ये, दार वाजलं. उघडलं तर बाहेर मालक आणि पाच अनोळखी माणसं. ‘सिस्टर, जरा मोरी दाखवा यांना.’ त्यातला एक माझ्या पलंगावर टेकला. दीड महिन्यात असं आठ वेळा झालं. शेवटी अनामतीतून चुन्याचे 1,500 कापले ते वेगळंच. चार वर्षं राहिल्यावर भिंत मळणार नाही तर काय होईल?

आता मी जिथं आहे तिथून निघताना बरोबर 15 दिवस आधी सांगणार, चिठ्ठीवर, आणि एक दिवसही जास्त नाही. काकूंच्या त्या मुलाचं मला पूर्ण पटत नाही, पण कळतं.

कपाशीवाली काकू

सिस्टर, हे ऐकून मलाच लाज वाटली. खोली दाखवायची तर आधी विचारून, दिवसाउजेडी, आणि बाई एकटी असेल तर बाईमाणसानं सोबत जायचं. मी तसं कधी केलं नाही. पण म्हणून त्यानं काहीच न सांगता जायचं?

उपकेंद्रातली सिस्टर

नाही. पण तुम्ही तसं करणार नाही हे त्याला कुठून माहीत? किरायेदाराला मागच्या मालकाचा अनुभव असतो, पुढच्याचा नसतो.

कोळसा पट्टा

तुम्ही सगळे फार भाबडे आहात. मी वणीकडचा, सात खोल्यांची चाळ आहे. खाणीवरच्या ठेकेदाराची माणसं राहतात. एका वर्षी ठेका संपला आणि एका रात्रीत पाच खोल्या रिकाम्या. शेगडीच्या हीटरवर स्वयंपाक करायचे, लाईट बिल 7,000 च्या वर. ठेकेदार म्हणाला माझा काय संबंध.

तेव्हापासून माझा नियम: तीन महिन्यांची अनामत, अकरा महिन्यांचा लेखी करार, सोडताना एक महिन्याची लेखी नोटीस, आधार कार्डाची झेरॉक्स पोलिस ठाण्यात. ज्याला जमत नाही त्यानं दुसरीकडं पाहावं. काकूंनी डिसेंबर कापावा आणि 610 पण वसूल करावेत. दया दाखवली की पुढचाही तसाच जातो.

जिनिंगवाल्याचा पोरगा

तीन महिने म्हणजे तुमच्या खोलीचे किती? तीन हजारानं धरलं तरी 9,000. रोजानं काम करणारा माणूस आल्या दिवशी 9,000 कुठून आणणार? ठेकेदाराकडूनच उचल घेणार. म्हणजे आबांचा सालगडीच की, फक्त शहरी कपड्यातला.

आमचं सांगतो. आईबाप हिंगणघाटला जिनिंगवर जायचे, कापूस आला की जायचं, हंगाम संपला की परत. खोली घेताना बाप पहिल्या दिवशीच सांगायचा, आम्ही होळीपर्यंत आहोत, होळीला गावी. यापेक्षा मोठी नोटीस कोणती असते? चार महिने आधी दिलेली. तरी एका मालकिणीनं शेवटी अडवलं, म्हणाली महिना आधी परत सांगायला पाहिजे होतं. माझी आई म्हणाली, बाई, होळी दरवर्षी येते, ती सांगून येते का? पण 300 रुपये ठेवूनच घेतले तिनं. त्या काळचे 300.

कारकून (निवृत्त)

तुझी आई बरोबर होती. किती दिवसांसाठी घेतलं हे आधीच ठरलं असेल तर मुदत संपली की भाडेपट्टा आपोआप संपतो, वेगळ्या नोटिशीची गरज नसते. नोटीस लागते ती मुदत न ठरवता महिन्यावर चाललेल्या खोलीला. अडचण एवढीच की होळीपर्यंत ठरलं होतं हे दाखवायचं कसं. म्हणून चिठ्ठी.

कोळसा पट्टा भाऊंसाठी: करारात एक महिना लिहिला असेल तर एक महिनाच, 15 दिवस नाहीत. करार कायद्याच्या वर जातो, कलमाची सुरुवातच तशी आहे. पण तुमचा करार नोंदवलेला आहे की नुसता नोटरी केलेला? वणी नगरपालिकेचं गाव. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा परिशिष्टात दिलेल्या भागांना लागतो. 31 मार्च 2000 ला तो लागू झाला, त्याआधी विदर्भात 1949 चा सी. पी. अँड बेरारचा (मध्य प्रांत-वऱ्हाडचा) भाडे नियंत्रण आदेश चालायचा, त्यावरच माझी निम्मी नोकरी गेली. या 1999 च्या कायद्यात कलम 55 आहे. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदवला नाही तर अटींबद्दल किरायेदार म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला 5,000 पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे तुमचा तो स्टॅम्प पेपर कपाटात ठेवण्यापुरताच.

कोळसा पट्टा

नोटरी आहे.

कोळसा पट्टा

आणि इथं सगळे तसंच करतात.

बदलीवाला मास्तर

हीच का ती रूढी? 😀

संत्रा मोसंबी

गुरुजी, एक विचारू का? त्या खोलीवर तुम्ही राहत होता, की मुख्यालयी, म्हणजे शाळेच्याच गावी, राहतो असा ग्रामपंचायतीचा दाखला मिळावा म्हणून घेतली होती? आमच्या वरुडकडं निम्म्या गुरुजींच्या खोल्या दाखल्यापुरत्या असतात आणि गुरुजी अप-डाऊन करतात. तशा खोलीला कसली नोटीस आणि काय.

बदलीवाला मास्तर

विषयाला धरून बोला.

बदलीवाला मास्तर

बरं, सांगतो. पहिली दोन वर्षं राहिलो. नंतर मुलगी शाळेत जायला लागली, तालुक्याला घर केलं. त्यानंतर खोली नावापुरती. पण किराया दर महिन्याला दिला. एकदा फाइल न्यायला गेलो तर माझ्या खोलीत छतापर्यंत मालकाचा कापूस भरलेला. माझी खुर्ची कापसाखाली. किराया माझा, गोदाम त्यांचं. आणि तरी सोडताना ‘खोली रिकामी पडेल’ म्हणून एक महिन्याचं घेतलं! आता हसा.

वावरातला म्हातारा

गुरुजी, कापसात खुर्ची सापडली का मंग?

उपकेंद्रातली सिस्टर

मला एक कळत नाही. काकू म्हणतात खोली जूनपर्यंत रिकामी राहणार. मग त्यानं ऑक्टोबरच्या 27 ला सांगितलं असतं तरी ती जूनपर्यंत रिकामीच राहिली असती ना? नोव्हेंबरात तरी कोण येणार होतं? म्हणजे नुकसान नोटीस न दिल्याचं नाही, हंगाम चुकल्याचं आहे. त्याचे पैसे एका महिन्याच्या किरायातून कसे निघतील?

कपाशीवाली काकू

सिस्टर, हे तुम्ही मर्मावर बोट ठेवलंत. दोन दिवस याच्यावरच विचार करतेय.

पण एक सांगते. दिवाळीनंतर आमच्याकडं बँकेत एक नवीन बाई आल्या होत्या, खोली पाहत होत्या, आमच्या दारावरून गेल्या. मी म्हटलं रिकामी नाही. त्या आता दारव्ह्याहून जाणं-येणं करतात. त्यानं तेव्हा नुसतं ‘काकू, माझं बदलीचं चाललंय, नक्की नाही’ एवढं म्हटलं असतं तरी मी त्यांचा नंबर घेऊन ठेवला असता. मला नोटीस म्हणजे एवढंच हवं होतं. कागद नको होता.

कोळसा पट्टा

‘नक्की नाही’ म्हणणारा किरायेदार सहा महिने नक्की नाहीच म्हणत राहतो. तोवर तुम्ही दुसऱ्याला शब्द देऊन बसता आणि हा हालत नाही. तारीख लागते, काकू.

कारकून (निवृत्त)

इथं कोळसा पट्टा भाऊंशी सहमत. नोटिशीत तारीख नसेल तर ती नोटीस नव्हे, गप्पा. कायद्यात नोटीस लेखी आणि सही केलेली हवी. पोस्टानं पाठवा, हातात द्या किंवा घरातल्या माणसाकडं द्या. दोन ओळी पुरतात: अमुक खोली मी अमुक तारखेला सोडत आहे, ही चिठ्ठी आज दिली. खाली सही, आणि दुसऱ्या प्रतीवर घेणाऱ्याची सही. शाळेच्या वहीचं पान चालतं.

आता काकूंचा हिशोब. मेसेज 27 नोव्हेंबरला पोचला. मेसेज म्हणजे सही केलेली नोटीस का, यावर वकील दिवसभर भांडतील. मुंबई उच्च न्यायालयानं 2018 मध्ये एका वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस पोचली आणि उघडली असं मानलं होतं. पण तो प्रश्न सोडा, तुम्ही मेसेज वाचला हे तुम्हीच इथं लिहिलंय. 28 पासून 15 दिवस मोजले की 12 डिसेंबर. म्हणजे डिसेंबरचे 12 दिवस त्याच्याकडं लागतात. 2,200 भागिले 31 गुणिले 12, साधारण 852. 1,590 वजा 852, त्याला 738 द्यायचे. पूर्ण डिसेंबर कापायचा तर आधी तसं ठरलेलं असायला हवं होतं. जून महिन्यात तो आला तेव्हा तुम्ही ‘सोडताना महिना आधी सांग’ असं म्हटलं होतं का?

जिनिंगवाल्याचा पोरगा

आणि तेवढ्यात 12 डिसेंबरच्या आत दुसरा किरायेदार आला तर? त्या दिवसांचा किराया दोघांकडून घेणार का काकू?

कारकून (निवृत्त)

चांगला प्रश्न. माझ्या मते नाही घेऊ शकत. एका खाटेचे दोघांकडून पैसे घेतले तर लॉजवाल्यालाही लोक बोलतात.

कपाशीवाली काकू

नव्हतं म्हटलं. जूनमध्ये तो आला तेव्हा मी विचारलं होतं, मटण खातोस का, आणि किती वाजता येतोस. सोडायचं कोणी बोलत नाही हो, माणूस आल्या दिवशी. अपशकुनासारखं वाटतं.

मास्तरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. दोन वर्षांपूर्वी त्याच खोलीत जनावरांच्या दवाखान्यातले एक साहेब आणि त्यांची बायको राहत होती. पोळ्याच्या सुमारास नणंद बाळंतपणाला यायची ठरली. सासूबाई होत्या तेव्हा, त्या म्हणाल्या खोली लागेल. मी त्यांना आठ दिवस दिले. ती बाई काही बोलली नाही. जाताना तिनं अंगणात सडा टाकला, उंबऱ्यावर चावी ठेवली आणि कुंकू लावून गेली. महिन्याचा किराया त्यांनी 5 तारखेलाच दिलेला होता. उरलेल्या दिवसांचे पैसे मी परत केले नाहीत. त्यांनी मागितलेही नाहीत. मला ते आजवर आठवलंसुद्धा नव्हतं.

बदलीवाला मास्तर

काकू, आमच्यातले निम्मे हे कधीच कबूल करत नाहीत.

कोळसा पट्टा

कबूल करून काय होतं? आता त्या साहेबांना शोधून पैसे देणार का? खोली आपली, गरज आपली. बाळंतपण काय नोटीस देऊन येतं?

उपकेंद्रातली सिस्टर

नऊ महिन्यांची देतं, भाऊ.

कपाशीवाली काकू

हिशोब लिहून त्या मुलाला पाठवला. 12 तारखेपर्यंतचा किराया कापला आणि 738 फोनपे केले. संपूर्ण महिना सोडला नाही आणि संपूर्ण माफही केला नाही. त्याचं उत्तर आलं: ‘काकू, 12 दिवस कशाचे? मी तर तिथं नव्हतो.’ मी म्हटलं, तू नव्हतास, पण खोली तुझ्याच नावावर होती, जाऊन कारकूनभाऊंना विचार. त्यावर बराच वेळ काही नाही. मग रात्री साडेनऊला: ‘बरं. पण माझं कुलरचं स्टँड राहिलं आहे, ते घ्यायला रविवारी येतो.’

कारकूनभाऊ, आता हे सांगा. ते सिमेंटात आहे, काढलं तर खिडकीखालची भिंत निघते.

कारकून (निवृत्त)

त्याच कायद्याच्या कलम 108 प्रमाणे किरायेदारानं बसवलेली वस्तू तो काढून नेऊ शकतो, पण जागा त्याच्या ताब्यात असेपर्यंतच, आणि जागा घेतली तशी करून द्यायची. आता तो ताबा 27 ला गेला म्हणायचा की 12 ला, हा प्रश्न आहे. तुम्ही 12 तारखेपर्यंत किराया कापलात म्हणजे ताबा 12 पर्यंत त्याचाच, असं तो म्हणू शकतो. आज किती तारीख?

कपाशीवाली काकू

आज 9. रविवारच्या आधी 12 जातेय की नंतर, ते पाहत बसत नाही. ये म्हटलं त्याला. येताना पाच किलो सिमेंट आण आणि भिंत तूच लिंपून दे म्हटलं. सासरे म्हणताहेत आला की जेवूनच जाऊ दे.

वावरातला म्हातारा

आंगल दीड इंची हाय का दोन इंची? नसन नेत त मले सांगजा, माह्याकडं कुलर हाय, स्टँड नाई.